परण्या, अंतरपाट आणि दहाचा काटा

प्रिय मावशी,
ताईचं लग्न डिसेंबरात पाचगणीला आहे. कड्याच्या तोंडावरचं लॉन, खाली धोम धरणाचं पाणी. गोरज मुहूर्त आहे, संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटं. माणसं एकशे ऐंशी. सगळं ठरलं, फक्त डीजेवरून घरात जुंपली आहे. बाबा म्हणतात, "माझ्या पोरीच्या लग्नात डॉल्बी नको. सनई लावा, पुरे." जिजूंकडचे कोल्हापूरचे, त्यांना परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, दणक्यात हवा. हॉटेलवाले म्हणतात, दहाला आवाज बंद म्हणजे बंद. मामेभाऊ म्हणतो, "डीजेला पैसे कशाला? माझा ब्लूटूथ स्पीकर आहे की." आणि ताई म्हणते, तूच बघ. डोंगरातल्या लग्नाला डीजे खरंच लागतो का? लागत असेल, तर त्याच्याकडून नेमकं काय करून घ्यायचं?
– गोंधळलेली करवली, पुणे

गोंधळलेल्या करवलीस आशीर्वाद.

हे मी कुठल्या तोंडाने सांगते ते आधी सांगते. वाईत आमच्या सासऱ्यांचा मंडप-लाउडस्पीकरचा धंदा. ऐन लगीनसराईत आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर बसणारा पोरगा पळाला, म्हणून एका संध्याकाळी मला बसवलं, ती वीस-बावीस वर्षं उठलेच नाही. पसरणीचा घाट टेम्पोच्या पुढच्या सीटवर, मांडीवर मिक्सर घेऊन इतक्यांदा चढले की वळणं पाठ आहेत. आता गुडघे चढू देत नाहीत, म्हणून हे सदर.

तर, डीजे लागतो. गाण्यांसाठी म्हणशील, तर गाणी मामेभाऊही लावेल. तुझ्या पत्रातले दोन आकडे शेजारी ठेवून बघ: ६ वाजून ८ मिनिटं आणि दहा. मधे चार तासही नाहीत. त्यात मंगलाष्टका, कन्यादान, होम, सप्तपदी, कानपिळी, आहेर, जेवणं, स्टेजवर फोटोंची रांग, थोडा नाच आणि पाठवणी. गुरुजी आपल्या विधीचं बघणार, केटररला चपात्या गार व्हायची काळजी, फोटोग्राफरला त्याचा उजेड हवा. जो तो आपल्या बाजूला ओढतो. एकशे ऐंशी माणसांशी एका वेळी बोलू शकतो असा तिथे एकच माणूस असतो, ज्याच्या हातात माइक आणि आवाज आहे तो. त्याच्याकडून हे चार तास सांभाळून घ्यायचे.

शहरातल्या कार्यालयात हे इतकं जाणवत नाही. तिथे चार भिंती माणसांना धरून ठेवतात. लॉनवर माणसं सांडतात. निम्मी कठड्याला टेकून सेल्फी काढतात, पोरं पार्किंगमध्ये, थंडी वाजते म्हणून आज्या खोलीत, आणि कुणीतरी हमखास टेबललँडवर घोड्यावर बसायला गेलेलं असतं. डिसेंबरात तिकडे सहाच्या सुमाराला सूर्य जातो आणि अर्ध्या तासात मिट्ट काळोख. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली की सगळ्यांना ओरडून गोळा करावं लागतं. घाटात अडकलेले पाहुणे वेगळेच. शनिवार-रविवार असेल तर पसरणी घाटात गाड्यांची मुंगीच्या चालीने रांग लागते, आणि मुहूर्त कोणासाठी थांबत नाही.

ओरडायची पाळी येऊ नये, ही पहिली गोष्ट डीजेकडून करून घे. माणसं आवाजाच्या मागे जातात. हे मी सासऱ्यांकडून शिकले. त्यांनी कधी "कृपया जेवणासाठी चला" असं चारदा पुकारलं नाही. लॉनवरचा आवाज हळूहळू खाली आणायचे, इतका की आपण कमी ऐकतोय हे कुणाच्या लक्षातही येऊ नये, आणि त्याच वेळी पंगतीकडच्या छोट्या स्पीकरवर सनई चढवायचे. दहा मिनिटांत लॉन रिकामं. डोंगरात हे जास्तच चालतं, कारण चहूकडे अंधार असतो आणि माणसाला कुठे जायचं ते कळत नसतं. म्हणून भिंतीएवढे दोन स्पीकर एका ठिकाणी रचण्यापेक्षा लहान स्पीकर चार ठिकाणी मागून घे: मंडपात, जेवणाकडे, गाड्या लागतात तिथे, आणि शेकोटी करणार असाल तर तिच्यापाशी. म्हातारी माणसं शेकोटीशीच बसणार. त्यांना मंगलाष्टका तिथे ऐकू आल्या, तर "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागणार नाही.

आता बाबांचं. त्यांची भीती खोटी नाही. आपल्या सातारा-कोल्हापूरकडे डीजे म्हटलं की ट्रॅक्टरवर रचलेली स्पीकरची भिंत, खिडक्यांच्या थरथरणाऱ्या काचा आणि छातीत बसणारा ठोका हेच डोळ्यांसमोर येतं. लोक त्याला डॉल्बी म्हणतात. मी तो धंदा कधी केला नाही आणि कुणाला करूही सांगणार नाही. बाबांना जाऊन एवढंच विचार: "बाबा, 'आली लग्नघटी समीप' ही मंगलाष्टक आठवते का?" तिच्या शेवटच्या ओळीत वाजंत्र्यांना चक्क तंबी आहे, 'वाजंत्रे बहु गलबला न करणे'. म्हणजे वाजवणाऱ्याला आवरायची वेळ आपल्या आज्या-पणज्यांवरही येत होती, पण त्यांनी वाजंत्री बंद केली नाही. गलबला नको, एवढंच सांगितलं. बाबा हसतील असं मला वाटतं. नाही हसले तर त्यांना म्हणावं, डीजेशी तुम्हीच बोला, आवाज किती ते तुम्हीच ठरवा. ज्याला भीती वाटते त्याच्याच हातात सूत्रं द्यावीत.

अंतरपाटाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः माती खाल्ली आहे. माझ्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. महाबळेश्वरच्या वाटेवरचं एक लॉन. मी मंडपाच्या एका बाजूला टेबल टाकून बसलेले. वधूवरांच्या भोवती मामा, मावश्या, कलश धरलेल्या करवल्या, त्यात फोटोवाले खुर्च्यांवर चढलेले. मला ना अंतरपाट दिसत होता ना गुरुजी. मंगलाष्टका कितवी चालली आहे ते मी कानाने मोजत होते. सहावी संपल्यावर मुलाच्या आत्याने मधेच स्वतःची एक सुरू केली, तिला शब्द सापडेनात, एकदम शांतता झाली, आणि मला वाटलं झालं! मी सनई-चौघडा सोडला, पोराने फटाक्यांची माळ लावली, लोकांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता टाकल्या, दोन म्हाताऱ्यांनी डोळेसुद्धा पुसले. आणि अंतरपाट तसाच धरलेला. आत्या तर पुढची सात वर्षं आमच्या दुकानावरून जाताना मान फिरवायची.

त्या दिवसापासून आम्ही एक पोरगा खांद्यावर लाल टॉवेल देऊन गुरुजींच्या मागे उभा करायला लागलो. गुरुजींनी 'तदेव लग्नं' म्हणायला घेतलं की त्याने टॉवेल डोक्यावर उचलायचा. म्हणजे माझं बोट बटणावर. अंतरपाट बाजूला झाला की टॉवेल खाली, आणि त्याच क्षणी वाजंत्री. त्या क्षणाला अर्धा सेकंद उशीर झाला तरी चुकल्यासारखं वाटतं. आणि बरोबर पडला की अंगावर काटा येतो, अजूनही. तुमच्याकडे असा एक पोरगा नेम. मामेभावाला नको नेमूस. तो तोंड वर करून मुलीकडे बघत बसेल. डोंगरात रेंज बेभरवशाची, त्यामुळे "मी व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतो" असं डीजे म्हणाला तर ऐकू नकोस. टॉवेलला रेंज लागत नाही.

आणि मंगलाष्टका म्हणणाऱ्यांची यादी लग्नाच्या आदल्या दिवशी पक्की करा. किती जणी, कोणत्या क्रमाने, कागदावर. तो कागद डीजेकडे, त्याची प्रत गुरुजींकडे. हौशी आत्यांचा मला राग नाही. फक्त मुहूर्त ६.०८ चा असताना ६.०७ ला तिसरी आत्या पर्समध्ये चष्मा शोधत असते.

आता कडा. उघड्यावर आवाज परत यायला भिंती नसतात, म्हणून डीजेला तो कमी वाटतो आणि तो वाढवत सुटतो. वाऱ्याची दिशा बदलली की तोच आवाज दरीपलीकडच्या वाडीत घरात शिरतो. उलट समोर उभा कडा असेल तर आवाज तसाच्या तसा परत येतो. हिशोब सोपा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कडा १७० मीटरवर असेल, तर जाऊन यायला बरोबर एक सेकंद. एका घाटातल्या रिसॉर्टवर गुरुजी 'सावधान' म्हणायचे आणि पलीकडून कुणीतरी 'धान' म्हणायचं. गुरुजी शिकलेले, पण वयस्कर. त्यांना वाटलं कुणी टवाळ पोरगं नक्कल करतंय. प्रत्येक मंगलाष्टकेनंतर थांबून चष्म्यावरून बघायचे. पोरं बिचारी निष्पाप उभी. शेवटी मी स्पीकर उचलून पंचेचाळीस अंशात फिरवले आणि टवाळ पोरगं गप्प झालं.

म्हणून लॉन बघायला जाशील तेव्हा मंडप जिथे पडणार तिथे उभी राहा, दरीकडे तोंड कर आणि एक सणसणीत टाळी वाजव. टाळी परत ऐकू आली, तर डीजेला आणि मंडपवाल्याला दोघांनाही आधी सांग. स्पीकरची तोंडं माणसांकडे आणि हॉटेलच्या बाजूला, कड्याकडे पाठ. मंडप एकदा पडला की ते फिरवायला कुणी तयार होत नाही.

गुरुजींचा माइक हा स्वतंत्र विषय आहे. कड्यावर वारा असतोच. उघड्या माइकमध्ये तो असा घुसतो की मंत्र कमी आणि फरफर जास्त. माइकवर जाड स्पंज हवा. कॉलरला लावायचा छोटा माइक उपरण्यावर घासतो, होमाच्या वेळी गुरुजी वाकले की बोलणं पोटात जातं. कानाला अडकवायचा बरा. आणि विधींच्या मधे तो बंद करायची जबाबदारी डीजेची, गुरुजींची नव्हे. दक्षिणेवरचा एक संवाद मी अख्ख्या लॉनला ऐकवला आहे. आकडा सांगत नाही.

उखाण्यांसाठी एक कॉर्डलेस माइक वेगळा ठेवायला सांग, चार्ज केलेला, जास्तीच्या सेलसह. घास भरवताना, रुखवताशी, पाठवणीआधी, कुठेही कुणाला तरी नाव घ्यायची हुक्की येते, आणि माइक येईपर्यंत नाव विसरतं.

लाइटीचं थोडक्यात. वर लाइट जाते. हॉटेलचा जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद जातातच, पण आजकालचे डिजिटल मिक्सर बंद पडले की परत जागे व्हायला वेळ घेतात. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मिक्सर नाही. त्यामुळे मिक्सर आणि माइकच्या रिसीव्हरला छोटा यूपीएस हवा, ही अट घाल. साउंडची लाइन केटररच्या हीटर-गीझरपासून आणि रोषणाईपासून वेगळी. मागे एकदा कॉफी मशीन लावलं आणि सप्तपदीच्या चौथ्या पावलाला अंधार झाला होता. गाणी सगळी लॅपटॉपमध्ये आणि वर एका पेनड्राइव्हवर. इंटरनेटवरून वाजवणारा डीजे वाईत ठीक, घाटाच्या वर नाही. आठनंतर दव पडायला लागतं. केबलचे जोड गवतात उघडे पडलेले दिसले तर त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधायला लाव. सुंदर दिसत नाही, शॉकही लागत नाही.

आणि हो, मोहोळं. हे डीजेला कुणी सांगत नाही, पण मी बघितलं आहे म्हणून सांगते. महाबळेश्वर-पाचगणीचा सगळा पट्टा मधमाश्यांचा. महाबळेश्वरजवळचं मांघर हे तर २०२२ पासून मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं. कड्याच्या पोटात, जुन्या झाडांवर आग्या मोहोळं लटकलेली असतात. हॉटेलच्या माळ्याला विचारून घे कुठे आहेत ते. धूर सोडायचं मशीन, फटाके, कानाशी वाजणारे भोंगे यांतलं काहीही तिकडे तोंड करून नको. लेसरही नको. डोळ्यांना इजा करणारा प्रकार आहे तो, आणि वधूच्या फोटोत हिरवे ठिपके येतात ते वेगळंच.

कोल्हापूरकरांच्या परण्यावर वाद घालू नकोस. परण्या हा त्यांच्या मनाचा विषय आहे. घोडा, मारुतीचं दर्शन, पुढे नाचणारी पोरं. ते काढून घेतलंस तर लग्नाचा सूरच बिघडेल. फक्त डॉल्बीच्या जागी हलगी सुचव. कोल्हापूरच्या माणसाला हलगी नको म्हणता येत नाही. हलगी, घुमकं, कैताळ, चार माणसं, ना टेम्पो ना जनरेटर. जिजूंकडच्यांनीच आपली मंडळी आणावी, म्हणजे तो त्यांचा मान राहील. दुपारी साडेचारला निघा, हॉटेलच्या फाटकापासून मंडपापर्यंत, सव्वापाचला आत. वाद्यवाल्यांसाठी एका कोपऱ्यात जाळ करून द्या. गार हवेत हलगीचं कातडं सैल पडतं, मग आवाज फुसका येतो. ते लोक जाळावर हलगी धरून, मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघत तापवतात. तो 'टण्ण' आवाज आला की समज, परण्या निघायला तयार आहे. खरं सांगू का, अख्ख्या लग्नात मला तोच आवाज सगळ्यात आवडायचा, आणि तो माझ्या स्पीकरमधून कधीच यायचा नाही.

हलगी मंडपाच्या दारात पोचली की तिथून पुढे डीजेने हळू सनईत ते सगळं मिसळून घ्यायचं. एकदम तोडायचं नाही. पोरं नाचायची थांबत नाहीत ती आवाज अचानक बंद केल्यावर. आणखी पाच मिनिटं, आणखी पाच मिनिटं. ठेका हळूहळू संथ केला की पाय आपोआप दमतात.

आता दहाचा काटा. हॉटेलवाले आडमुठेपणा करत नाहीयेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. बंद सभागृहाला मुभा आहे, पण तिथला आवाजही बाहेर जाऊन त्रास देता कामा नये. पाचगणी तर बोर्डिंग शाळांचं गाव. शाळा, हॉस्पिटल, कोर्ट यांच्या भोवतीचे शंभर मीटर शांतता क्षेत्रात येऊ शकतात, आणि त्यासाठी नियमात दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे, म्हणजे घरातल्या हळू आवाजातल्या गप्पांच्या आसपास. लॉनच्या शेजारी काय आहे ते हॉटेलला लेखी विचार, आणि लाउडस्पीकरची परवानगी कोण काढणार, तुम्ही की ते, हेही लेखीच. "ते होऊन जातं हो" म्हणणाऱ्याच्या लग्नात पोलिसांची गाडी आलेली मी पाहिली आहे. हवालदार चांगला होता, बासुंदी खाऊन गेला. पण नवरीच्या वडिलांचं तोंड उतरलं ते उतरलंच.

हॉटेलवाले गाण्यांच्या परवान्याचंही काढतील. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाची मिरवणूक आणि लग्नासंबंधीचे सोहळे यांना सूट आहे, आणि केंद्राच्या उद्योग खात्याने जुलै २०२३ मध्ये नोटीस काढून तेच स्पष्ट केलं होतं. तरी काही हॉटेलं परवाना मागतात. तारखेच्या दोन दिवस आधी भांडण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच लिहून घे.

दहापासून उलटं मोजत ये. पाठवणी साडेनऊ. त्याआधी नाच, तो लॉनवर नको, हॉटेलच्या बंद हॉलमध्ये ठेव. थंडीने नाहीतरी सगळे आत येणारच आहेत. पाऊण तास पुरतो. हॉलमध्ये साउंडचा दुसरा, लहान संच आधीच लावून तपासलेला हवा. लॉनवरचा उचलून आत आणू म्हणणाऱ्याला उचलायला अर्धा तास लागतो, आणि तो अर्धा तास तुझ्याकडे नाही. जेवणं साडेसातला सुरू करा, विधी संपायची वाट न बघता. गुरुजींना आधी विचार: सप्तपदी कधी होईल? ते म्हणतील, "होईल हो वेळेत." मग विचार: "गुरुजी, साडेसातला सप्तपदी व्हावी, तर होम कधी लावायचा?" असं विचारलं की माणूस घड्याळ बघतो. हा सगळा हिशोब एका कागदावर, मोठ्या अक्षरात, मराठीत लिहून डीजेच्या टेबलावर चिकटव. कुठल्या वेळी काय, कोण सांगणार, आणि उशीर झाला तर काय कापायचं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. फोटो कापायचे की नाच कापायचा, हे ताईने आज ठरवायचं. रात्री पावणेनऊला विचारलंस तर ती रडेल.

नावांची यादीही मराठीतच दे. आजकाल सूत्रसंचालनाला एखादा चटपटीत पोरगा येतो, हिंदी-इंग्रजीत बोलतो, आणि पत्रिकेवरून नावं वाचतो. अशाच एकाने माझ्याच माइकवरून मोठ्या उत्साहात नवऱ्याच्या आजोबांना स्टेजवर बोलावलं होतं. "टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया!" नावाआधीचं 'कै.' त्याला अक्षर वाटलं असावं. लोकांनी टाळ्या वाजवल्यासुद्धा. मग आजीच उठली आणि काठी टेकत स्टेजवर गेली, म्हणाली, "ते नाहीत, मी आले." सगळं लग्न हललं. पण दर वेळी आजी एवढी खमकी असेलच असं नाही.

मामेभावाला नाही म्हणू नकोस, कामाला लाव. दोन्ही घरच्यांकडून गाणी गोळा करायचं काम त्याचं. दोन्ही आज्यांचं एकेक गाणं तर हवंच. आणि हव्या असलेल्या गाण्यांपेक्षा नको असलेल्यांची यादी पक्की करून आण म्हणावं. कुठलं गाणं घटस्फोट झालेल्या काकूच्या लग्नात वाजलं होतं, कुठलं वाजलं की दोन काका जुन्या भांडणावर येतात, हे बाहेरच्या डीजेला कसं कळणार? ते मामेभावालाच माहीत असतं. ब्लूटूथ स्पीकर हळदीला घे, घरच्या घरी, हळद अंगावर उडत असताना. तिथे तोच बरा.

डीजे ठरवताना भाव काढण्याआधी दोन-चार गोष्टी विचार. स्वतः येणार की पोरगा पाठवणार? त्या लॉनवर संध्याकाळी आधी कधी वाजवलं आहे का? लाइट गेली तर काय करशील? दुसरा लॅपटॉप आहे का? आणि शेवटी विचार, "दहाला कसं थांबवशील?" जो म्हणेल, "त्याची काळजी नको ताई, दहा म्हणजे सव्वादहा," त्याला चहा पाज आणि परत पाठव. जो म्हणेल, "पावणेदहालाच संथ गाणी घेतो," त्याला बयाना दे. थोडी रक्कम लग्नानंतर द्यायची ठेव. सामान घेऊन तो दुपारी बारापर्यंत वर पोचलेला हवा, आणि साउंड चेक पाहुणे यायच्या आत, हॅलो-हॅलो सगळं संपवून. टेम्पोला घाटात वेळ लागतो, गाडी तापते, मी सांगते ना.

पाठवणीच्या वेळी मात्र काहीच नको. आजकाल तिथेही रडवणारी गाणी लावतात, मुलीच्या रडण्याच्या वर आवाज चढवतात, कॅमेऱ्यासाठी. डीजेला सांग, गाडीचं दार उघडलं की सगळे माइक बंद, स्पीकर बंद, लॅपटॉप मिटून ठेव. टॉवेलवाला पोरगा नाहीतरी रिकामा असेल. त्याला डीजेच्या टेबलाशी उभा कर, कुणी येऊन "एक शेवटचं लावा ना" म्हणालं तर अडवायला. बाबांना तेव्हा काय बोलायचं असेल ते ताईला ऐकू येऊ दे.

– मावशी